पोढीचें दान

जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेलीं जीं लेणीं आहेत, त्यांच्या भिंतींवर दात्यांचे लेख अद्यापि वाचतां येतात. नाणेघाटानें चढणाऱ्या-उतरणाऱ्या व्यापारावर हें गांव त्या काळीं भरभराटीस आलेलें होतें, आणि ह्या लेखांतील दाते बहुतेक साधे गृहस्थ, व्यापारी व कारागीर आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें एक लेणें व एक पोढी दिली, असें एक लेख सांगतो. पोढी म्हणजे खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें. इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढ्या दिल्या. चिट नांवाच्या दुसऱ्या एका यवनानें शिवनेरीच्या अंगाच्या लेण्यांत संघाकरितां भोजनमंडप कोरवून दिला. आणखी कोणी बांबूचें काम करणारांच्या श्रेणीकडे, कोणी कासारांच्या श्रेणीकडे पैशांची ठेव ठेवून दानधर्माची कायमची सोय लावून दिली. ज्या भिक्षूला डोंगरांत पावसाळ्याचे चार महिने काढावयाचे, त्याला पूजेच्या जागेइतकीच पाण्याची व जेवणाची जागा लागते, ही गोष्ट ह्या मंडळींच्या ध्यानांत पक्की होती. चैत्यगृहाला दाते मिळतात. टांक्याला मिळतातच असें नाहीं.

हें प्रास्ताविक आम्ही पुराणवस्तूंच्या हौसेखातर केलेलें नाहीं. लहान मुलांस होणारा कर्करोग, त्यावरील उपचार व त्यासाठीं लागणारा धर्मादाय पैसा ह्या विषयावर आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि त्या विषयाकडे पाहूं लागलों म्हणजे ह्या पोढीची व भोजनमंडपाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तें कां, हें पुढें येईलच.

मुलांनाही कर्करोग होतो ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतही अजून ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें एकोणीस वर्षांपर्यंतच्या सुमारें ४ लाख मुलामुलींना दरसाल हा रोग होतो. त्यांत रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्यूकेमिया, हा प्रमुख. मोठ्या माणसांच्या कर्करोगांत तंबाखूसारख्या कारणाकडे बोट दाखवितां येतें. मुलांच्या बाबतींत बहुधा असें कोणतेंही कारण दाखवितां येत नाहीं. आईनें गरोदरपणीं अमुक खाल्लें, ग्रहणांत तमुक केलें, कोणाची दृष्ट लागली, ह्यांपैकीं कशानेंही तो होत नाहीं, आणि एकापासून दुसऱ्याला तो लागतही नाहीं. हें आम्ही मुद्दाम लिहितों. कारण आजारी मुलाच्या आईवर ह्या शंकांचा भार घालणारीं माणसें परकीं नसतात, घरांतलींच असतात. उतरतां न उतरणारा ताप, चेहऱ्यावरचा फिकेपणा, हाडें दुखतात म्हणून रात्रीं रडणें, न पडतां अंगावर उठणारे निळेकाळे डाग, मानेंत किंवा पोटांत लागणारी गांठ, बाहुलींत उजेड पडला असतां मांजराच्या डोळ्यासारखी दिसणारी पांढरी चमक, हीं त्याचीं लक्षणें होत. ह्यांतील बहुतेक साध्या दुखण्यांतही दिसतात व म्हणूनच दुर्लक्षिलीं जातात. परंतु तीं पंधरवडाभर टिकलीं तर रक्त तपासून घ्यावें, आणि डोळ्यांतल्या त्या चमकेसाठीं मात्र एक दिवसही थांबूं नये.

आणि आतां खरी महत्त्वाची गोष्ट. हा रोग बरा होतो. संपन्न देशांत अशा शंभर मुलांपैकीं ऐंशींहून अधिक मुलें आज बरीं होतात. गरीब देशांपैकीं पुष्कळांत तींच तिसांहूनही कमी होतात. दोन्हीकडे रोग एकच, औषधेंही बव्हंशीं तींच. त्यांतील पुष्कळ जुनीं आहेत व आपल्या देशांतच तयार होतात. मग मधलीं पन्नास मुलें जातात कोठें?

ह्याचें उत्तर शोधण्यास आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेस जावें. डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडे भीमाशंकरच्या डोंगराकडे महादेव कोळ्यांच्या ज्या वाड्या आहेत, त्यांतील एखाद्या घरांत पांच वर्षांच्या मुलाला ल्यूकेमिया झाला आहे असें समजा. बापाची भाताची दोन खाचरें. हिरड्याच्या हंगामांत सारें घर रानांत, आणि त्या पैशांवर वर्षाचें मीठमिरची. प्रथम गांवचा दवाखाना, मग घोडेगांव, मग मंचर, मग पुणें. आणि अखेर कोणी तरी सांगतो, परळला टाटा इस्पितळांत न्या. ह्या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाहीं. कर्करोगाच्या रोग्यास रेल्वेनें भाड्याची मोठी सवलत दिलेली आहे खरी, पण ती सवलत घेण्यासाठीं आधीं पुण्यास किंवा कल्याणास पोंचावें लागतें! जुन्नरकडून माळशेज घाटानें जावें तर पावसाळ्यांत दरड केव्हां कोसळेल ह्याचा नेम नाहीं. एस्. टी.त सवलत असली तरी जे कुटुंब मुंबईस जातें त्याचा खर्च भाड्यांत नसतोच. तो तेथें उतरल्यावर सुरू होतो.

ल्यूकेमियाच्या नेहमींच्या प्रकारावरील उपचार दोन-अडीच वर्षें चालतो. पहिले कांहीं महिने तर रुग्णालयाच्या हांकेच्या अंतरावर राहावें लागतें. कारण औषधांनीं रोगट पेशींबरोबर शरीराची प्रतिकारशक्तिही मरगळते, आणि अशा वेळीं साधा ताप आला तरी कांहीं तासांच्या आंत मुलाला दाखल करणें भाग असतें. गढूळ पाण्याचा एक पेला, सकाळीं शिजवून संध्याकाळीं खाल्लेला भात, एवढ्यानेंही मूल दगावूं शकतें. कुपोषित मुलाला औषधांचा पुरा डोस सोसत नाहीं. पुढें घरीं राहून गोळ्या घ्यावयाच्या. त्या रोज चुकवावयाच्या नाहींत, आणि ठराविक दिवशीं पुनः तपासणीस यावयाचें. बाप मुंबईंत राहिला तर खाचर पडीक. आई राहिली तर मागें दोन लेंकरें कोणाच्या पदरांत? अशा स्थितींत सहा महिन्यांनीं मुलाच्या अंगावर तेज चढलें, तें खेळूं लागलें, कीं आईबाप म्हणतात, देवानें बरें केलें. आणि उपचार सोडून गांवीं परततात. त्यांस अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्यांच्या जागीं आपण असतों तर वर्षभर फुटपाथावर मूल घेऊन निजलों असतों काय, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. रोग दबलेला असतो, गेलेला नसतो. तो परत येतो, आणि दुसऱ्या खेपेस तो तितक्या सहजीं ऐकत नाहीं.

ज्या रुग्णालयाचें नांव वर आलें त्याचा जन्मच मुळीं ह्या व्याधीच्या एका आघातांतून झाला. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ह्यांस ल्यूकेमिया झाला आणि १९३१ च्या जूनमध्यें इंग्लंडाशेजारच्या वेल्स प्रांतांत त्यांचा अंत झाला. पैसा होता, युरोपांतील वैद्य हाताशीं होते. उपाय मात्र त्या काळीं जगांत कोणापाशींच नव्हता. दोराबजींनीं १९३२ सालीं पत्नीच्या नांवें एक विश्वस्तनिधि स्थापन केला, तो मुख्यतः ल्यूकेमियाच्या संशोधनासाठीं. आपली उरलेली सर्व संपत्ति त्यांनीं दुसऱ्या एका विश्वस्तनिधीच्या स्वाधीन केली, आणि त्याच वर्षाच्या जूनमध्यें तेही निवर्तले. मेहेरबाईंचा ज्युबिली हिरा हा कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ सालीं टाटांचा पोलादाचा कारखाना बुडण्याच्या बेतांत आला असतां पतिपत्नींनीं ज्या चीजवस्तु बँकेकडे गहाण ठेविल्या त्यांत हा हिराही होता. पुढें तो विकला गेला आणि त्याचा पैसा ह्या निधींत पडला. ह्याच निधींतून परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उभें राहिलें व २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें उघडलें. त्याच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्या मराठी शास्त्रज्ञानें वाहिली. १९५७ सालीं रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ पासून अणुशक्ति खात्याकडे आलें.

येथें जुन्नरकरांस एक गंमत सांगितली पाहिजे. नारायणगांवाजवळ खोडद येथें आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या त्यांच्या रोजच्या पाहण्यांतल्या आहेत. अशा एकंदर ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, त्या परिसरांत पसरलेल्या आहेत. ती रेडिओ-दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, ती संस्था डॉ. होमी भाभा ह्यांनीं १९४५ सालीं सुरू केली ती ह्याच दोराबजींच्या निधीच्या आधारानें. म्हणजे आमच्या टोमॅटोच्या व कांद्याच्या शेतांतून दिसणारी दुर्बीण आणि परळचें तें इस्पितळ हीं एकाच दानाचीं दोन लेंकरें होत. जुन्नरच्या मुलाला परळीं जातांना आपण परक्या दारीं चाललों असें वाटावयास नको!

परळ ह्या नांवाशीं ह्या रोगाच्या औषधाचा आणखी एक संबंध आहे, तो फारसा कोणास ठाऊक नाहीं. तेथेंच हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणीं जडणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचा अभ्यास करूं लागल्या. ह्या कामगार स्त्रिया म्हणजे बव्हंशीं कोंकणांतून व घाटावरून आलेल्या आपल्याच बाया. यीस्टच्या सारानें हा रोग हटतो असें विल्सबाईंस आढळलें व तें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या सारांतील गुणकारी द्रव्य तें पुढें फोलिक ॲसिड म्हणून ओळखलें गेलें, आणि आज प्रत्येक गर्भिणीला जी गोळी देतात ती त्याचीच. अमेरिकेंत लेडर्ली प्रयोगशाळेंत काम करणारे आपले आंध्र देशीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांच्या मंडळीनें हें द्रव्य कृत्रिम रीतीनें तयार केलें. बोस्टन येथें मुलांच्या रुग्णालयांत सिडनी फार्बर ह्या वैद्यांस असें वाटलें कीं, ल्यूकेमियाच्या मुलांस हें द्रव्य दिलें असतां रोग उलट जोरावतो. तेव्हां त्याच्या विरुद्ध काम करणारें द्रव्य दिलें तर? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेनें तेंही करून दिलें. १९४८ सालीं फार्बर ह्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, मरणोन्मुख अशा १६ मुलांपैकीं १० जणांत रोग हटला. हटला तो कांहीं काळच, पुनः उलटला. परंतु औषधानें ल्यूकेमिया हटूं शकतो हें जगानें प्रथमच पाहिलें. त्याच वर्षीं सुब्बाराव वारले. त्या औषधाचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट हा आजही मुलांना आठवड्यास एकदां गोळीच्या रूपानें दिला जातो. मुंबईच्या गिरणीबायांच्या पंडुरोगापासून निघालेली वाट अशी फिरून परळच्याच इस्पितळांत येऊन पोंचली.

फार्बर हे नुसते संशोधक नव्हते. पैसा उभा करण्याची विद्याही त्यांस साधली होती. १९४८ च्याच मे महिन्यांत आपल्या एका बालरुग्णाला ‘जिमी’ हें टोपणनांव देऊन त्यांनीं त्याला रेडिओवर बोलतें केलें. मुलगा बेसबॉलच्या खेळाडूंशीं बोलला, सबंध अमेरिकेनें ऐकलें, आणि २ लाखांहून अधिक डॉलर जमले. तो मुलगा जगला, नातवंडें पाहून २००१ सालीं वारला. आजारी मुलाचा आवाज असा बाजारांत मांडावा काय, हा प्रश्न आम्हांस पडतोच. आपल्याकडे हल्लीं मोबाईलवर येणाऱ्या विनंत्यांत नळ्या लावलेल्या मुलांचीं जीं छायाचित्रें असतात, तीं पाहून तर आमचें मन विटतें. तरी जिमीचें नांव बनावट ठेवून त्याचें खरें नांव पन्नास वर्षें गुप्त राखलें गेलें, एवढी मर्यादा त्या मंडळींनीं पाळली, हेंही सांगितलें पाहिजे.

संशोधनाला धर्मादाय पैसा लागण्याचें कारण व्यवहारी आहे. मुलांचे कर्करोग मोठ्यांच्या मानानें थोडे. म्हणून त्यांच्यासाठीं औषध शोधण्यांत कारखानदारास नफा थोडा. तेव्हां ही वाट दानावर व सरकारी मदतीवरच पुढें सरकते. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकांत मुंबई, दिल्ली व मद्रास येथील रुग्णालयांनीं अमेरिकेंतील तज्ज्ञ इयन मॅग्राथ ह्यांच्या सहकार्यानें ल्यूकेमियाच्या उपचाराची एक ठराविक पद्धति घालून घेतली. तिला एमसीपी ८४१ असें रुक्ष नांव आहे, पण त्या पद्धतीनें जगणाऱ्या मुलांचें प्रमाण पूर्वीपेक्षां कितीतरी वाढलें. नवें औषध त्यांत एकही नव्हतें. होती तीं औषधें, आपल्या मुलांस झेपतील अशा बेतानें, न चुकतां द्यावयाचीं, एवढेंच.

हें ‘न चुकतां’ प्रकरणच सर्वांत कठीण. टाटा रुग्णालयांत २००९ सालीं दर पांच मुलांमागें जवळजवळ एकाचा उपचार नाकारला जाई किंवा अर्ध्यावर सोडला जाई. वैद्यांच्या हातांत औषध असून मूल हातचें जाई. तेव्हां २०१० च्या सुमारास तेथील बालविभागानें ‘इम्पॅक्ट’ नांवाची व्यवस्था उभारली. मूल दाखल झालें कीं त्याच्या घरची हकीकत विचारावयाची. राहण्याची सोय आहे काय, शिधा आहे काय, भाडें आहे काय, भावंडें कोठें आहेत. आणि जें नसेल तें दात्यांच्या पैशांतून पुरवावयाचें. तारखेस मूल आलें नाहीं तर त्याच दिवशीं घरीं दूरध्वनि करावयाचा. पुढील दशकांत सोडून जाणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ५ च्याही खालीं आलें. आम्हांस ह्या विषयांत जितकें वाचावयास मिळालें त्यांत ह्याहून मोठी बातमी आढळली नाहीं. नवीन औषधाच्या शोधानें जेवढीं मुलें वांचतील तेवढीं खोली, खिचडी आणि एक दूरध्वनि ह्यांनीं वांचलीं.

मुंबईंत अशा सोयी करणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांतील कांहीं आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. गाडगेमहाराजांच्या नांवाची दादरची धर्मशाळा कर्करोग्यांच्या नातलगांनीं भरलेली असते. देवळांऐवजीं धर्मशाळा बांधा असें तो महापुरुष हातांत खराटा घेऊन सांगत असे, त्याचें प्रत्यंतर तेथें येतें. परळलाच नाना पालकर स्मृति समिति १९६८ पासून रुग्णसेवेचें काम करीत आहे. केवळ कर्करोगी मुलांसाठीं सेंट जूड नांवाची संस्था २००६ सालीं मुंबईंत सुरू झाली व पुढें इतर शहरांतही पसरली. तेथें प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र खोली मिळते, शिधा मिळतो आणि स्वयंपाक आई स्वतः करते. ही शेवटची गोष्ट लहान दिसते. परंतु ज्या मुलाच्या तोंडाची चव औषधांनीं गेली आहे तें मूल खाईल तर आईच्या हातचेंच खाईल, हें कोणत्याही गृहिणीस सांगावें लागणार नाहीं. बरें झालेल्या मुलांनीं एकत्र येऊन इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छायेखालीं २००९ सालीं ‘उगम’ नांवाचें मंडळ काढलें आहे; त्यांतील तरुण नवीं कुटुंबें आलीं म्हणजे त्यांच्याजवळ जाऊन बसतात. ‘मलाही हाच रोग झाला होता’, हें वाक्य धडधाकट माणसाच्या तोंडून ऐकण्याइतका धीर दुसऱ्या कशानें येणार?

सरकार कांहींच करीत नाहीं असें नव्हे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेंत कर्करोगाचे पुष्कळ उपचार बसतात. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांस १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यान्वयें व उच्च न्यायालयानें २००६ सालीं मंजूर केलेल्या योजनेप्रमाणें शेंकडा १० खाटा निर्धनांसाठीं फुकट आणि १० खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखाव्या लागतात. शिवाय एकंदर बिलांच्या शेंकडा २ रक्कम निर्धन रुग्णांच्या निधींत टाकावी लागते. पुण्यांतील अशा एखाद्या रुग्णालयाच्या दारांत आपल्या ओळखीचें गरीब कुटुंब उभें असेल तर हा हक्क त्याला समजावून सांगणें व त्याच्याबरोबर समाजसेवकाच्या मेजापर्यंत जाणें हेंही दानच आहे, आणि त्याला एक पैसा पडत नाहीं. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधारपत्र ह्यांचे कागद जुळविण्यांत कोळ्याच्या घरचा बाप चार दिवस घोडेगांवच्या कचेरींत हिंडतो. लिहितां-वाचतां येणारा एक माणूस बरोबर असला तर तेंच काम एका दिवसांत होतें. मात्र ह्या योजना उपचाराचे पैसे देतात. पोढी व भोजनमंडप त्यांच्या यादींत नाहीं.

तेव्हां तो भाग आपला. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला, दीडशेंहून अधिक माणसें गेलीं, तेव्हां महाराष्ट्रांतून मदतीचा पूर लोटला आणि पुढें नवें गांवही उभें राहिलें. हा आपल्या समाजाचा चांगुलपणाच होय. परंतु एका रात्रींत कोसळणारें संकट दिसतें. अडीच वर्षें थोडें थोडें कोसळणारें दिसत नाहीं, आणि त्याला एका दिवसाची मदत पुरतही नाहीं. त्याला ठराविक वेळीं, ठराविक रकमेनें, वर्षानुवर्षें येणारें दान लागतें. अशा दानाची एक उत्तम पद्धति आपल्याच घरांत होती. पुण्यांत शिकावयास आलेल्या गरीब विद्यार्थ्याला आपले आजे-पणजे वार देत असत. सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या. कोणा एकावर भार नाहीं आणि मूल सातही दिवस जेवलेलें. पुढें नांवारूपास आलेले कितीतरी विद्वान् ह्या वारांवर वाढले. ह्या पद्धतींत एक व्यंग होतें तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं : पानावर बसणारा मुलगा बहुधा आपल्याच जातीचा असे. तें व्यंग टाकून बाकीची पद्धति उचलावी असें आम्हांस वाटतें. जुन्नर, ओतूर, नारायणगांव, मंचर, घोडेगांव येथील दहा-बारा घरांनीं मिळून एका मुलाचे वार घेतले, म्हणजे त्याच्या मुंबईंतील शिध्याचा, मागें राहिलेल्या भावंडांच्या पोटाचा, आणि तपासणीच्या फेऱ्यांचा महिन्याचा भार वांटून घेतला, तर तें मूल उपचार सोडून परतणार नाहीं. ओझर व लेण्याद्रि हे अष्टविनायकांपैकीं दोन गणपति ह्याच तालुक्यांत आहेत. तेथें नवस फेडावयास येणाऱ्या आमच्या भगिनींनीं एका वाराचा नवस बोलून पाहावा.

पैशाशिवाय देण्यासारखें आणखी एक आहे. कर्करोगावरील औषधांनीं मुलांच्या रक्तांतील प्लेटलेट नांवाचे कण फार उतरतात, मग नाकांतून हिरड्यांतून रक्त येऊं लागतें, आणि दुसऱ्याच्या रक्तांतून काढलेले हे कण तातडीनें द्यावे लागतात. ते पांच दिवसांपलीकडे टिकत नाहींत. पुढाऱ्यांच्या वाढदिवशीं एकाच दिवशीं शेंकडों बाटल्या जमवून आपण फोटो काढतों, आणि पुढच्या पंधरवड्यांत मुलाचा बाप रुग्णालयाच्या दारांत येणाऱ्या-जाणाऱ्यास हात जोडीत असतो. मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त असलेल्या जुन्नर-आंबेगांवच्या तरुणांनीं आपली एक यादी करून पाळीपाळीनें जावें.

देणगी कोणास द्यावी, हें विचारणारीं पत्रें येतील म्हणून येथेंच लिहितों. अनोळखी माणसाच्या खात्यांत, मोबाईलवरचें छायाचित्र पाहून, पैसे पाठवूं नयेत. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे किंवा नोंदलेल्या संस्थेकडे पाठवावेत, पावती घ्यावी, आणि वर्षाचा हिशेब मागावा. हिशेब मागणें म्हणजे अविश्वास नव्हे; चांगल्या संस्था तो न मागतां देतात. खेळणीं, फळांच्या करंड्या, वाढदिवसाचा केक घेऊन वॉर्डांत जाणें शक्यतों टाळावें, कारण मुलांना त्यांतून संसर्ग होतो व आईला हंसावें लागतें. आणि पैसे पाठवितांना सोबतच्या पत्रांत ‘मुलांच्या निवासासाठीं व आहारासाठीं’ इतके शब्द अवश्य लिहावेत, म्हणजे ते दुसरीकडे वळत नाहींत. चिट यवनानेंही शिवनेरीवर आपलें नांव कोरवितांना नुसतें दान असें म्हटलेलें नाहीं. भोजनमंडप हा शब्द खडकांत स्पष्ट खोदवून घेतला आहे.